असा तालुका नाही

भीमथडी हा शब्द माझ्यासमोर कुणी कौतुकानं काढला की मला उठून आत जावंसं वाटतं. अलीकडे ते फार होतं. कुणी तो मसाल्याच्या पुडीवर छापतं, कुणी हॉटेलच्या पाटीवर रंगवतं. आणि वर्षातून एकदा-दोनदा तरी कुणी दारात येऊन म्हणतं, "बाई, तुमच्या वडिलांच्या वह्या आहेत ना, जुन्या तालुक्याच्या?" आहेत. सहा आहेत. त्यांतलं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं आहे, पण ते विचारायला आजवर कुणी आलेलं नाही. मी त्यांना चहा देते, पानांचे फोटो काढू देते, आणि ते गेले की कप जरा जास्तच जोरात विसळते.

आधी तालुक्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुण्याहून सोलापूरच्या सडकेला लागलं की कासुर्डी, यवत, पाटस अशी गावं येतात. सडकेच्या उत्तरेला भीमा. नदीच्या पल्याड शिरूर तालुका, अल्याड आम्ही. थडी म्हणजे काठ, आणि भीमेची थडी ती भीमथडी. या नावाचा तालुका इंग्रजांच्या अमदानीत होता. पुढे सरकारनं त्याचे तुकडे केले. काही गावं बारामतीकडे गेली, आमच्या बाजूची दौंडकडे, आणि नाव कुठंच गेलं नाही, ते कागदावरून पुसलं गेलं. हे नक्की कोणत्या साली झालं ते मला विचारू नका. वह्यांत दोन ठिकाणी दोन वेगळी सालं आहेत आणि दोन्ही आबांनी मला तितक्याच ठामपणे सांगितली होती.

आबा म्हणजे माझे वडील. शाळेचे हेडमास्तर म्हणून पेन्शनीत निघालेले. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणे. आमचं गाव कासुर्डीपासून चालत पाऊण तासावर, पाटाच्या खालच्या अंगाला. पाटाचं पाणी मिळे तेवढ्या पट्ट्यात वांगी, मेथी, शेवंती. पाटाच्या वर मुरमाड माळ, त्यात कुसळं आणि दगड. पाऊस आमच्यावर उपकार केल्यासारखा चार शिंतोडे टाकून पुढे जाई. या असल्या मुलखाचा अभिमान बाळगायला माणसात काहीतरी बिघाड असावा लागतो, असं माझं तेव्हाही मत होतं. आबांना तो होता.

मला आठवतं तेव्हापासून आमच्या घरात दौंड हा शब्द तालुका म्हणून चालत नसे. दौंड म्हणजे स्टेशन, रेल्वेचा धूर आणि जंक्शनवरची भजी. तालुका म्हणजे भीमथडी. कुणी पत्रावर 'ता. दौंड' लिहिलं तर आबा ते पोस्टमनसमोर खोडत, वर 'भीमथडी' लिहीत आणि मगच पाकीट फोडत. पोस्टमन बिचारा सायकलला टेकून हे सगळं होईपर्यंत थांबे. गावाला याची मोठी गंमत वाटे आणि गमतीपेक्षा जास्त अभिमान. पारावर बसलेले लोक पाहुण्यांना सांगत, "आमचं गुरुजी सरकारलाबी जुमानत न्हाईत." पाहुणे माना डोलवत. मी पाण्याची घागर घेऊन तिथून जात असे आणि मलाही, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटे.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी ग्रंथ हाती घेतला. 'भीमथडी तालुका : भूगोल व इतिहास.' सीमा, नद्या, ओढे, जमिनी, पिकं, घोडी, कचेरी, अशी प्रकरणं पाडली. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. भिंग लावून चार ओळी लिहिल्या की डोळ्यांतून पाणी येई. मी तेव्हा सातवीची फायनल पास होऊन घरात होते. माझं अक्षर चांगलं, असं त्यांनीच शाळेत मला चारदा बजावलेलं. तेव्हा मी लेखनिक झाले. रोज दुपारची जेवणं उरकली की ओसरीवर घोंगडी टाकायची, दौत उघडायची आणि ते सांगतील ते उतरवायचं. शेवंतीच्या खुडणीला आई एकटी जाई. मला ती काही बोलत नसे, पण जाताना फुलांची पाटी माझ्यासमोर आपटून उचलत असे.

ग्रंथासाठी आम्ही फिरलोही. एकदा पाटसला गेलो. तिथं फार पूर्वी तालुक्याची कचेरी होती असं आबांना कुणी सांगितलेलं. एसटीनं गेलो. मी ठेवणीतलं पातळ नेसले होते, कारण पाटस म्हणजे मला मोठं गाव वाटलं. कचेरीचा चौथरा कुठला, असं विचारल्यावर एका म्हाताऱ्यानं देवळामागची जागा दाखवली, दुसऱ्यानं बाजारतळ दाखवला, आणि तिसरा म्हणाला, "कचेरी हितं कवाच नव्हती, गुरुजी. तुमास्नी कुनी सांगितलं?" तिसऱ्यावर आबा असे भडकले की त्यानं बिडी खाली टाकली. देवळामागच्या जागेत एक शेळी बांधलेली होती. आबांनी तिच्याभोवती पावलं टाकून लांबी-रुंदी मोजली आणि मला म्हणाले, "लिही. कचेरीचा चौथरा अद्याप शाबूत आहे." मी शेळीकडे पाहिलं आणि लिहिलं. परत येताना मी विचारलं, "आबा, तिघांचं तीन तऱ्हांचं होतं. मग खरं कुठलं?" ते म्हणाले, "इतिहास लिहिणाऱ्याला निवड करावी लागते." त्या वेळी मला हे वाक्य फार विद्वत्तेचं वाटलं होतं.

घोड्यांच्या प्रकरणासाठी एक चाचा येत. वडगाव रासाईचे, म्हणजे नदीपल्याडचे. त्यांच्या घराण्याचा धंदा नालबंदीचा. वाडवडिलांनी शिरूरच्या छावणीत पलटणीच्या घोड्यांना नाल मारलेले, असं ते सांगत. चाचांच्या वाट्याला बैल आले. यवतच्या आठवडी बाजारात ते बैलाला दोरानं पाडून त्याच्या खुरांना पत्र्या मारत, आणि बाजार उरकला की दोन बाजारांतून एकदा आमच्याकडे मुक्कामाला येत. आबांचा आणि त्यांचा स्नेह जुना. चार यत्ता शिकलेले असल्यानं वाचता येई, पण एकेक अक्षर बोटानं दाबून धरल्यासारखं वाचत.

आबांना वाटे, चाचांनी भीमथडी घोड्याबद्दल, म्हणजे या थडीच्या नावाजलेल्या जातीबद्दल, काहीतरी जबरदस्त सांगावं. चाचा सांगत, "म्या नाल मारलं त्ये टांग्याच्या घोड्यांस्नी. भीमथडी म्हून कुनी मला घोडं दावलं न्हाई, गुरुजी."

"पण तुमच्या आज्यांनी?"

"आज्यानं पलटणीच्या घोड्यांस्नी मारलं. आमी पल्याडचं. आमाला थडी हाय, पन भीमथडी न्हाई."

आबा हसून घेत आणि मला सांगत, "लिही. येथील नालबंद घराणी आजही भीमथडी घोड्याची आठवण काढतात." चाचा माझ्याकडे बघत आणि चहाची बशी तोंडाला लावत. मी जन्मात एकही भीमथडी घोडा पाहिला नाही. एक तट्टू पाहिलं, बाजारात मेथीच्या जुड्या वाहून आणणारं, आणि ते चावत असे.

हे सगळं मी दोन वर्षं केलं, आणि मनापासून केलं, हे कबूल करायला हवं. मग मामा फॉर्म घेऊन आला.

मामा आईचा धाकटा भाऊ, शिरूरचा, एसटीत कंडक्टर. त्याला पुण्यात कळलं होतं की बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजचे फॉर्म निघालेत. दोन वर्षं शिकायचं, राहायची सोय तिथंच, आणि बाहेर पडलं की मास्तरीण. तालुक्यातालुक्याची वेगळी यादी लागते आणि आपल्या बाजूच्या मुली फारशा जातच नाहीत, तेव्हा नाव लागणारच, असं तो म्हणाला. मी त्याच्या हातातला तो फॉर्म असा घेतला की तो म्हणाला, "फाडशील की गं."

मला काय हवं होतं ते सांगते. मला मास्तरीण व्हायचं होतं हे तर झालंच. पण त्याहून जास्त मला स्वतःचं वाक्य फळ्यावर लिहायचं होतं. दोन वर्षं मी दुसऱ्याची वाक्यं लिहीत होते. रात्री अंथरुणात पडल्यावरही डोक्यात तीच चालू राहत, 'सदर ओढा पावसाळ्यात वाहतो, इतर काळी कोरडा असतो.'

आबांनी ना म्हटलं नाही. उलट म्हणाले, "जा. शिक." फॉर्म मीच भरला. नाव, वय, फायनलचे मार्क. पत्त्याच्या रकान्याशी आले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "पत्ता कर्त्यानं लिहायचा असतो." भिंग लावून, कागदाला नाक लावून त्यांनी हळूहळू लिहिलं. मी मागून पाहिलं. 'ता. भीमथडी.'

"आबा, तिथं दौंड लिहायला हवं. यादी तालुक्याची लागते."

"मी खोटं लिहीत नाही."

"पण कचेरीत कळायला नको का?"

"कचेरीला कळत नसेल तर कचेरीनं शिकावं." आणि पाकिटाला त्यांनी स्वतः थुंकी लावली, स्वतः यवतपर्यंत जाऊन पोस्टात टाकलं. धड न दिसणारा माणूस उन्हातून काठी टेकत गेला, याचंच मला वाईट वाटलं. तेव्हा मी एवढी बावळट होते.

फॉर्म परत आला तेव्हा शेवटची तारीख उलटून गेली होती. पत्त्याच्या रकान्यावर लाल शाईनं कुणी कारकुनानं लिहिलं होतं, 'असा तालुका या जिल्ह्यात नाही. दुरुस्त करून पाठवावे.' खाली गोल शिक्का.

मी चुलीपाशी जाऊन रडले. आबा तो कागद घेऊन पारावर गेले. तिथं तो हातोहात फिरला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी लाल शाई पाहिली. "गुरुजींनी लेकीचं बी नुसकान सोसलं, पन वाकले न्हाईत," हे वाक्य त्या दिवशी मी तीन माणसांच्या तोंडून ऐकलं. नुकसान माझं आणि सोसलं त्यांनी. त्या पारावरच्या एकेकाला धरून विचारावंसं वाटलं, की बाबांनो, तुमच्या पोरीचं एक वर्ष असं पारावर फिरवाल का? विचारलं नाही. त्या काळात मुली पारावर जात नसत.

बोलली फक्त आई. आबा परत येऊन जेवायला बसले तेव्हा ताटात भाकरी टाकत म्हणाली, "दोन अक्षरं लिवली असती तर हात झडला असता का?" आबा भाकरी मोडून खायला लागले. मी मात्र मनात त्यांची बाजू घेतली. माणूस हट्टी आहे, वेडा आहे, पण खरा आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म निघेल, एवढ्यानं काय बिघडतं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा घोंगडीवर बसून दौत उघडली.

पावसाळा संपता संपता त्यांची नजर जवळजवळ गेली. उजेड आणि सावली एवढंच कळे. ऑपरेशनला ते तयार नव्हते. ग्रंथ पुरा झाल्यावर बघू म्हणत. त्यांची एक लोखंडी ट्रंक होती, कागदपत्रांची. किल्ली करगोट्याला. एक दिवस घोड्यांच्या प्रकरणात एका गावाची जागा अडली, तेव्हा त्यांनी किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "वरच जुना नकाशा आहे, तेवढा काढ. खालची उचकापाचक करू नकोस."

तसं म्हटलं नसतं तर मी केलीही नसती. आबा ओसरीवर, आई मळ्यात. मी नकाशा बाजूला ठेवला आणि खालचा गठ्ठा उचलला. वरच पाटाच्या पाण्याचे अर्ज होते, दरसाल भरायचे असतात ते. आबा प्रत्येकाची नक्कल ठेवत. त्यांच्या हातचं गोल, घोटीव अक्षर. 'मौजे अमुक, ता. दौंड, जि. पुणे.' त्याखालचा अर्ज. 'ता. दौंड.' त्याखालचा. मी सगळे चाळले. त्याखाली पेन्शनचे कागद, दरवर्षी 'मी जिवंत आहे' असा दाखला द्यावा लागतो ते. तिथंही 'ता. दौंड', आणि त्या दौंडवरचा अनुस्वार असा ठसठशीत दिलेला, जसा ते फळ्यावर देत. सगळ्यांत वरच्या पाणी-अर्जाची तारीख मी दोनदा पाहिली. माझ्या फॉर्मच्या आठच दिवस आधीची होती.

हयातीच्या दाखल्यावर दौंड, वांग्यांच्या पाण्यासाठी दौंड, आणि माझ्या फॉर्मवर भीमथडी.

मी गठ्ठा होता तसा परत ठेवला. बाहेरून हाक आली, "सापडला का?" मी म्हणाले, "सापडला." आणि नकाशा घेऊन बाहेर गेले. मला समजलं होतं. गावाला जो हट्ट वाटत होता तो हट्ट नव्हताच. जे काम व्हायला हवं असे तिथं आबा गुपचूप दौंड लिहीत, आणि जे होऊ नये असं वाटे तिथं भीमथडी. मी पुण्याला गेले असते तर घोंगडीवर बसायला कोण होतं?

माझ्यात आरडाओरडा करायची धमक नव्हती. पण हात माझा होता. त्या दुपारपासून आबा जिथं 'भीमथडी' म्हणत तिथं मी 'दौंड' लिहू लागले. पहिल्यांदा लिहिताना मी आबांच्या तोंडाकडे पाहून घेतलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेस मजा वाटायला लागली. ते आवाज चढवून सांगत, "भीमथडीच्या घोडदौडीनं मैदानं हादरत!" आणि मी लिही, दौंडच्या घोडदौडीनं मैदानं हादरत. ते सांगत, "भीमेची थडी म्हणून भीमथडी, इतकं सोपं नाव जगात नाही," आणि मी लिही, भीमेची थडी म्हणून दौंड, इतकं सोपं नाव जगात नाही. ते विचारत, "लिहिलंस?" मी म्हणे, "अक्षरशः." पाचवी वही अर्धी आणि सहावी जेवढी झाली तेवढी सगळी अशी आहे. मला याची लाज वाटत नाही. तेव्हाही वाटली नाही.

मग एका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी चाचा आले होते. आबांना हुक्की आली. "तू नको," मला म्हणाले, "तुझं पाठ झालंय. त्रयस्थ माणसाच्या तोंडून ऐकू दे. चाचा, घोड्यांचं प्रकरण वाचा." मी सहावी वही पुढे केली. पाचवीची सुरुवातीची पानं देता आली असती. माझ्या मनात आलं नाही असं नाही. मी सहावीच दिली.

चाचांनी बोट ठेवलं आणि सुरू केलं. "दौं-ड ता-लु-क्या-ती-ल घो-डी…"

"भीमथडी म्हणा," आबा म्हणाले.

"हितं दौंड लिवलंय, गुरुजी."

"चुकलं असेल कुठंतरी. पुढं."

चाचा पुढे गेले. पुन्हा दौंड आलं. त्यांनी बोट थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मनात आणलं असतं तर त्यांना भीमथडी वाचता आलं असतं; आंधळ्याला काय कळणार होतं. मी नजर खाली घातली नाही. त्यांनी खाकरून पुन्हा दौंड वाचलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आबा नुसते ऐकत होते, मान जराशी तिरपी करून, जशी ते वर्गात मुलाचं पाठांतर ऐकताना करत. 'इतकं सोपं नाव जगात नाही' हे वाक्य आलं तेव्हा चाचांचा आवाज बारीक झाला. ते वाचून त्यांनी वही मिटली. "आता नदीला लागतो, गुरुजी. सांजच्या आत घरला गेलं पायजे." उन्हं अजून डोक्यावर होती.

चाचा गेल्यावर आबा म्हणाले, "खालचे कागद उचकलेस."

त्यांनी का लिहिलंस असं विचारलं नाही. माझा शेवटचा संशय तिथं फिटला.

"हो," मी म्हणाले.

"तू गेली असतीस तर ग्रंथ राहिला असता."

"राहिला असता."

"एकच वर्ष मागत होतो मी."

"मागितलं नव्हतंत, आबा."

मला आजही ठाऊक आहे की त्यांनी समोर बसवून, पोरी एक वर्ष दे, एवढं म्हटलं असतं तर मी दिलं असतं. दोन दिली असती. राग त्याचाच जास्त आहे. त्यांनी माझ्याकडे मागितलं नाही, कचेरीतल्या कुठल्यातरी कारकुनाच्या लाल शाईकडून परस्पर काढून घेतलं, आणि वर पारावर शाबासकी घेतली.

त्या दिवसानंतर घोंगडी अंथरली गेली नाही. सहावी वही एका ओळीच्या मध्यावर थांबली आहे. 'येथील लोक स्वभावाने' एवढंच आहे. पुढे लोक स्वभावाने कसे ते आबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या वर्षीचा फॉर्म मामानं आणला आणि नातेवाईक म्हणून सही त्यानंच केली. पत्ता मी लिहिला. दौंड. नाव यादीत लागलं. निघताना मी आबांच्या पाया पडले. त्यांचा हात माझ्या डोक्याच्या बाजूला हवेत फिरला आणि खांद्यावर पडला.

मी मास्तरीण झाले, नदीपल्याड शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत लागले. सुट्टीत घरी येई. आबांशी पाऊसपाण्याचं बोलणं होई. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ते गेले. दिवस झाल्यावर पेन्शनच्या कचेरीला कळवायचं होतं, त्याचा एक छापील कागद होता. तो भरायला मी ओसरीवर बसले. मयताचं नाव लिहिलं. वय लिहिलं. मौजे लिहिलं. मग तालुका. पेन माझ्या हातात होतं आणि अडवायला कुणी नव्हतं. मी स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं, 'भीमथडी.'

तो कागद परत आला. लाल शाईच होती, कारकून बहुधा दुसरा. 'असा तालुका नाही.' आईला भेटायला आलेल्या मामानं तो पारावर कुणाला तरी दाखवला असावा, कारण संध्याकाळपर्यंत लोक मला भेटायला येऊ लागले. एका म्हाताऱ्या आप्पांनी तर डोळे पुसले. "लेकीनं बापाचा तालुका राखला," ते म्हणाले. "गुरुजींचं रगत हाय." मी मान हलवत राहिले. काय सांगणार होते? की जिवंत असताना स्वतःच्या हयातीच्या दाखल्यावर जो माणूस बिनचूक दौंड लिहीत होता, त्याच्या मरणाच्या कागदाला मी माझ्या फॉर्मसारखं दारातून परत पाठवलं? आणि ते करताना मला बरं वाटलं?

लोक गेल्यावर आई आतून आली. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल शाई तिनं आधी एकदा पाहिली होती. कचेरीत ते कागद अडकले म्हणून आता तिलाच दौंडला खेपा घालाव्या लागणार होत्या. तिच्या नावानं व्हायचं ते सगळं त्यामागे थांबलं होतं. माझ्या ध्यानात हे तोवर आलंच नव्हतं. तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"दोन अक्षरं लिवली असतीस," ती म्हणाली, "तर हात झडला असता का?"